दादासाहेब मावळंकर : सभागृहाचे विश्वस्त

मंत्र्याचे कर्तृत्व त्याने केलेल्या कायद्यांवरून, वक्त्याचे त्याच्या भाषणांवरून आणि सेनानीचे त्याने जिंकलेल्या लढायांवरून मोजता येते. सभागृहाच्या अध्यक्षाचे कर्तृत्व मोजण्याचे असे सुलभ साधन नाही. तो बोलतो थोडे, मत देतो क्वचित, आणि ज्या दिवशी त्याचे काम उत्तम होते त्या दिवशी त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. म्हणूनच स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचे नाव सर्वांस ठाऊक असले, तरी त्यांनी नेमके काय केले हे सांगता येणारे वाचक विरळाच. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा आलेख काढीत असताना एका प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे. बहुमतवाल्या पक्षाने निवडून दिलेला मनुष्य संपूर्ण सभागृहाचा कसा होऊ शकतो, हा तो प्रश्न होय.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे या गावचे. गावाच्या नावावरून आडनाव आले. पण घराणे कोकणात राहिले नाही. गणेशाचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. प्रारंभीचे शिक्षण राजापूर व मुंबई इलाख्यातील अन्य गावी झाले आणि १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस आले. हेच नगर पुढे त्यांची कर्मभूमी झाले. १७५३ पासून इंग्रजी अंमल येईपर्यंत या शहरावर मराठ्यांची सत्ता होती. सत्ता गेली, तरी काही मराठी कुटुंबे तेथे राहिली व नवीही येत गेली.

बृहन्महाराष्ट्रातील अशा वसाहतींचा विचार करताना रायपूरचा तात्यापारा सहजच डोळ्यांपुढे येतो. या नावातच दोन भाषा नांदतात. तात्या हा शब्द मराठी घरातला, तर पारा हा छत्तीसगढी वस्तीचा. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास आले आणि भोसल्यांच्या अमलाबरोबर छत्तीसगढात मराठी माणूस स्थिरावला. राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, पण घरे राहिली. राज्यकर्त्यांच्या भाषेचा माणूस राज्य गेल्यावर परमुलखात दोनच प्रकारे जगू शकतो. एक तर गतवैभवाच्या आठवणी कुरवाळीत, नाही तर भोवतालच्या लोकांशी एकजीव होऊन त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा भार उचलीत. रायपुरात माधवराव सप्रे यांनी दुसरा मार्ग पत्करला. १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. मावळंकरांनी अहमदाबादेत तेच केले. घरात मराठी राखून ते सार्वजनिक जीवनात पूर्णपणे गुजराती झाले आणि आपले महत्त्वाचे लेखनही त्यांनी गुजरातीत केले. पुढे त्यांच्या ठायी दिसून आलेल्या निःपक्षपातीपणाची पूर्वतयारी या दुहेरी नागरिकत्वात झाली असावी, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याला बहुसंख्यांमध्ये राहूनही आपण अल्पसंख्य आहोत याचे भान असते, त्याला दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय लहानपणीच लागते.

१९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून विज्ञान विषय घेऊन ते बी. ए. झाले. एक वर्ष त्यांनी दक्षिणा फेलो म्हणून घालविले, मग मुंबईस कायद्याचा अभ्यास केला. १९१२ मध्ये ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन १९१३ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वकिलीस आरंभ केला. व्यवसायात जम बसत असतानाच सार्वजनिक कामांनी त्यांना ओढून घेतले. १९१६ मध्ये ते गुजरात सभेचे चिटणीस झाले. खेडा जिल्ह्यातील पीक बुडाल्यानंतर सारामाफीसाठी जो लढा झाला, त्याची प्राथमिक कागदपत्रे, अर्ज व पाहणी यांचे काम याच सभेने केले. गांधीजी व वल्लभभाई यांच्याशी त्यांचा जो आजन्म संबंध जडला, तो याच काळात. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते चिटणीस होते. दुष्काळ आणि महापूर यांच्या निवारणकार्यातही त्यांनी हिशेब, वाटप व पत्रव्यवहार ही बिनचेहऱ्याची कामे केली.

अहमदाबाद नगरपालिकेत ते १९१९ मध्ये प्रथम निवडून आले व मधली काही वर्षे वगळता १९३७ पर्यंत सभासद राहिले. १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५–३६ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. गटारे, नळ आणि शाळा यांवरच्या वादांत सभा चालविण्याचे जे शिक्षण मिळते, ते कोणत्याही ग्रंथातून मिळत नाही. नियमपुस्तिका हातात असली म्हणजे सभा चालते असे नव्हे. सभासदांचा विश्वास असावा लागतो, हे त्यांनी तेथे जाणले.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्ततेखाली मुंबई विधानसभा अस्तित्वात आली आणि मावळंकर तिचे अध्यक्ष झाले. १७५ सभासदांचे ते सभागृह मराठी, गुजराती व कन्नड अशा तीन प्रमुख भाषांच्या प्रांताचे होते. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, तर विरोधी बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा कायदेपंडित. अशा सभागृहात अध्यक्षाच्या प्रत्येक निर्णयाची चिकित्सा होणार, हे उघडच होते. १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि सभागृहाचे कामकाज थांबले. तरी १९४६ पर्यंत अध्यक्षपद मावळंकरांकडेच राहिले. या अवधीत बेचाळीसच्या आंदोलनात ते कारावासात गेले. ज्या राजसत्तेच्या कायद्याने त्यांना अध्यक्ष केले होते, तिच्याच कायद्याने ते कैदी झाले. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांच्या हकिगती त्यांनी ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात सांगितल्या आहेत. चोर, दरोडेखोर वा खुनी म्हणून समाजाने ज्यांच्यावर शिक्का मारला, त्यांच्यातील माणूसपण शोधणारे हे पुस्तक आहे. त्यातून दिसते ती निवाडा करण्याआधी ऐकून घेण्याची वृत्ती, आणि ती अध्यक्षाच्या आसनाला आवश्यक अशीच वृत्ती होय.

येथे या आसनाच्या पूर्वेतिहासाकडे वळणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये स्पीकर ही पदवी १३७७ मध्ये सर टॉमस हंगरफर्ड यांना प्रथम मिळाली. स्पीकर म्हणजे बोलणारा. सामान्यजनांच्या सभेचे गाऱ्हाणे राजापुढे मांडणारा हा तिचा मुखत्यार, आणि राजा रुष्ट झाला तर प्राणांशी गाठ. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स पाच सभासदांना पकडण्यासाठी सभागृहात शिरला, तेव्हा स्पीकर विल्यम लेंथॉल यांनी सभागृहाच्या आज्ञेवाचून आपणांस डोळे वा जीभ नाही अशा आशयाचे नम्र पण ठाम उत्तर दिले, आणि या पदाची निष्ठा कोणाकडे असते ते कायमचे ठरून गेले. आपल्याकडे हे पद आले ते राज्यकर्त्यांच्या मार्फत. १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट यांची नेमणूक सरकारने केली होती. १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल अवघ्या दोन मतांनी निवडून आले आणि पहिल्यांदा भारतीय लोकप्रतिनिधी त्या आसनावर बसला. निवडून येताच त्यांनी स्वराज्य पक्षाचा त्याग केला. कायदेमंडळाचे कार्यालय सरकारच्या ताब्यातून काढून १९२९ मध्ये स्वतंत्र केले, आणि त्याच वर्षी सार्वजनिक सुरक्षा विधेयकावरील चर्चेला मनाई करून सरकारला थक्क केले.

भाषांतराच्या अभ्यासकाला येथे एक गंमत दिसेल. बोलणारा या अर्थाच्या इंग्रजी शब्दासाठी आपण अध्यक्ष व सभापती हे शब्द योजले. अध्यक्ष म्हणजे वरून देखरेख करणारा, आणि सभापती म्हणजे सभेचा स्वामी किंवा रक्षक. इंग्रजी शब्दात सेवकाची भूमिका आहे, आपल्या शब्दांत अधिकाराची. संस्था उचलून आणता येते; तिच्या नावातली नम्रता मात्र वाटेत गळून पडते आणि ती वागणुकीतून पुन्हा निर्माण करावी लागते. मावळंकरांचे कार्य हे एका अर्थी अशा भाषांतराचेच कार्य होते.

जानेवारी १९४६ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. प्रतिस्पर्धी सर कावसजी जहांगीर यांना सरकारचा पाठिंबा होता, आणि सभागृहात सरकारनियुक्त सभासद बसत होते. मावळंकरांना ६६ मते मिळाली, कावसजींना ६३. तीन मतांच्या या विजयानंतर दीड वर्षाने १४–१५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते कायदेमंडळच लयास गेले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही. घटना समितीने कायदे करण्याचे काम कसे चालवावे, हा प्रश्न तत्क्षणी उपस्थित झाला. डॉ. राजेंद्रप्रसाद हे घटना समितीचे अध्यक्ष होते, पण ते मंत्रीही होते. मंत्र्याने स्वतःच कायदेमंडळाचे अध्यक्षस्थान भूषविणे प्रशस्त नव्हते. या प्रश्नासाठी ऑगस्टमध्ये मावळंकरांच्याच अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. राज्यघटना बनविणे व कायदे करणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत आणि दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र अध्यक्ष असावा, असा निष्कर्ष तिने काढला. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या पदावर मावळंकर निवडले गेले. राज्यघटना झाल्यावर हंगामी संसदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी नव्या लोकसभेपुढे अध्यक्षाची निवड आली. ती एकमताने होईल अशी अनेकांची अपेक्षा असावी. पण तसे झाले नाही. विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांचे नाव पुढे केले. मावळंकरांच्या बाजूने ३९४ व विरोधात ५५ मते पडली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत या आसनासाठी लढत झाली ती अहमदाबादच्या एका मराठी माणसाच्या आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण चळवळीतून आलेल्या दुसऱ्या मराठी माणसाच्या नावांमध्ये, ही गोष्ट मराठी वाचकास नोंद घेण्याजोगी वाटेल. तथापि खरे महत्त्व वेगळेच आहे. ४८९ निर्वाचित जागांपैकी ३६४ जागा एकट्या काँग्रेसला मिळाल्या होत्या. सभागृहाचा एक दशांशही भाग ज्याच्याकडे नाही अशा गटाला अधिकृत विरोधी पक्ष म्हणून मान्यता देता येणार नाही असा निर्णय मावळंकरांनी दिला, आणि त्या निकषास एकही विरोधी गट उतरत नव्हता. अशा सभागृहात अल्पमताला आधार कोणाचा? नियमांचा आणि अध्यक्षाचा, एवढेच उत्तर उरते.

तो आधार त्यांनी कसा उभा केला ते पाहावे. लोकलेखा समिती पूर्वी अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसत असे. ज्याच्या खर्चाची तपासणी व्हावयाची तोच तपासनीस! १९५० पासून ती संसदेच्या व पर्यायाने अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. त्याच वर्षी अंदाज समिती स्थापन झाली. मंत्री सभागृहात आश्वासने देतात आणि विसरतात. त्यांचा पाठपुरावा करण्यासाठी १९५३ मध्ये आश्वासन समिती आली. कायद्याच्या पोटात सरकार जे नियम करते त्यांवर नजर ठेवणारी दुय्यम विधान समितीही त्याच वर्षीची. कामकाज सल्लागार समितीमुळे वेळेची वाटणी सरकारच्या एकट्याच्या मर्जीवर राहिली नाही. प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांनी नियमित व भक्कम रूप दिले. उत्तर अपुरे वाटल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागण्याची सोय केली. १४ मे १९५४ रोजी या सभागृहास लोकसभा हे नाव त्यांनीच जाहीर केले. नाव मोठे झाले. परंतु त्या नावाला अर्थ दिला तो या रुक्ष वाटणाऱ्या समित्यांनी.

सरकारशी त्यांचा खटका उडाला तो वटहुकमांवरून. संसदेचे अधिवेशन नसताना तातडीची गरज भासली तर वटहुकूम काढावा, ही घटनेतील तरतूद. सोय म्हणून ती वारंवार वापरणे लोकशाहीस घातक आहे आणि आज पडलेली प्रथा पुढील सरकारांना दाखला ठरेल, असे त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला लेखी कळविले. पंडित नेहरूंविषयी त्यांना आदर होता, पण त्यापोटी त्यांनी हा इशारा मवाळ केला नाही. १९५१ मध्ये हंगामी संसदेतील काँग्रेसचे सभासद एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचे प्रकरण निघाले. सभागृहाने स्वतःची समिती नेमून चौकशी केली, वर्तन सभासदास अशोभनीय ठरविले, आणि मुद्गल यांना जावे लागले. सभागृहाची अब्रू सभागृहानेच राखावी, हे तत्त्व तेथे रुजले.

मात्र चरित्रकाराने केवळ स्तुतिपाठक होऊ नये. तहकुबी सूचनांच्या बाबतीत मावळंकरांचे धोरण कठोर होते. परकीय अमलात सरकार लोकांना जबाबदार नव्हते, म्हणून कामकाज तहकूब करण्याची सूचना हे गाऱ्हाणे मांडण्याचे शस्त्र होते. आता सरकार सभागृहाला जबाबदार आहे व चर्चेचे अन्य मार्ग खुले आहेत, तेव्हा हे शस्त्र अपवादानेच उपसावे, अशी त्यांची भूमिका होती. तर्क निर्दोष होता, परंतु मूठभर विरोधकांना तो गळचेपीसारखा वाटला. ज्या सभागृहात सरकार पडण्याची शक्यताच नाही, तेथे जबाबदार सरकार या शब्दांना कितपत अर्थ राहतो, हा विरोधकांच्या तक्रारीतील सल अगदीच निराधार म्हणता येत नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी विघ्नेश्वर मिसिर यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. घटनेनुसार अशा वेळी अध्यक्षास सभेचे चालकत्व करता येत नाही. म्हणून उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार आसनावर बसले. ठराव फेटाळला गेला, यात नवल नाही. नवल हे की, प्रचंड बहुमत असताना तो रीतसर चर्चेस आला आणि विरोधकांना आपले आरोप अध्यक्षांविरुद्ध त्याच सभागृहात करता आले. ज्या नियमांचे मावळंकर रक्षण करीत होते, त्यांनी या प्रसंगी त्यांच्या विरोधकांचे रक्षण केले.

पक्षनिष्ठेविषयीची त्यांची भूमिकाही वादग्रस्त ठरली. विठ्ठलभाईंप्रमाणे त्यांनी पक्ष सोडला नाही. ब्रिटनमध्ये स्पीकरच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार उभा करीत नाहीत. तसा संकेत येथे रुजेपर्यंत अध्यक्षाने पक्षाचा पूर्ण त्याग करणे व्यवहार्य नाही, मात्र पक्षाच्या वादग्रस्त कामांपासून त्याने दूर राहावे, असे त्यांचे मत होते. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी अध्यक्ष होताच पक्षाचा राजीनामा दिला. पण तो संकेत झाला नाही. मावळंकरांनी व्यवहारासाठी जी फट ठेवली, ती पुढे रुंदावत गेली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सभासदांच्या अपात्रतेचा निवाडा अध्यक्षाकडे सोपविला, तेव्हा या फटीची किंमत दिसून आली. स्वतः पक्षाच्या तिकिटावर पुन्हा उभा राहणारा मनुष्य पक्षांतराचा न्यायाधीश कसा, ही शंका तेव्हापासून वारंवार घेतली गेली. आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षाचा हा निर्णय न्यायालयीन तपासणीस पात्र ठरविला. सज्जन माणसाच्या वैयक्तिक संयमावर उभी केलेली व्यवस्था त्याच्यामागे टिकतेच असे नाही, हा धडा मावळंकरांच्या यशातूनच मिळतो.

१९५६ च्या आरंभी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. वय ६७. लोकसभेचे जनक हे बिरुद त्यांच्या नावामागे रूढ झाले. त्यांच्या रिक्त जागेवर पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूरच्या विधानसभेत, जिचे अध्यक्षपद दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त यांनी दीर्घकाळ भूषविले होते, प्रतिनिधी धाडणारे रायपूर भोपाळशी जोडले गेले. २००० मध्ये छत्तीसगढ राज्य झाले आणि त्याच्या विधानसभेची पहिली बैठक रायपुरातच राजकुमार महाविद्यालयाच्या आवारात भरली. अध्यक्षांच्या आसनापुढील मोकळ्या जागेत उतरणारा सभासद आपोआप निलंबित होईल असा नियम या विधानसभेने स्वतःला घालून घेतला. सभागृहाने स्वतःवर घातलेला हा लगाम मावळंकरांच्या परंपरेतलाच होय.

त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर १९७२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. १९७५ मध्ये आणीबाणी आली. अनेक विरोधी सभासद तुरुंगात होते, आणि जुलैच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित ठेवण्यात आला. वडिलांनी ज्याची घडी बसविली तोच तास मुलाच्या डोळ्यांदेखत बंद झाला. पुरुषोत्तमराव कोणत्याही पक्षाच्या आश्रयावाचून त्या सभागृहात उभे राहून विरोध करीत राहिले. आणीबाणीतील त्यांची भाषणे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नियम लिहून ठेवले म्हणजे ते जगतात असे नाही; ते मोडले जात असताना उठून तसे सांगणारा एक तरी सभासद लागतो, आणि त्याला बोलू देणारा अध्यक्ष लागतो. दादासाहेब मावळंकरांनी यांपैकी दुसरी भूमिका आयुष्यभर निष्ठेने केली. त्यांच्या चरित्राचे महत्त्व अखेर याच ठिकाणी आहे.